शोभेच्या गवतांना सोबत कोणाची द्यावी? उन्हातल्या वाफ्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शोभेचं गवत आवडलं म्हणून आणलं, उन्हात लावलं, छान फुटलंही. पण त्याच्या शेजारी काय लावायचं इथे गाडी अडली, असं पुष्कळांचं होतं. खालची उत्तरं दिवसातून किमान सहा तास थेट ऊन मिळणाऱ्या वाफ्यासाठी आहेत. ऊन त्याहून कमी असेल तर गवतांची निवडच बदलते, म्हणून सावलीचा विषय इथे घेतलेला नाही.

नुसतं गवत लावलं तर काय बिघडलं?

काहीच नाही. जागा मोठी असेल तर एकाच जातीच्या गवताची लांबच लांब रांग वाऱ्यावर हलताना फार देखणी दिसते. लहान वाफ्यात मात्र नुसतं गवत दुरून न निंदलेल्या जागेसारखं वाटायला लागतं. शेजारी एक भरीव फुलझाड आलं की बघणाऱ्याला लगेच कळतं, हे मुद्दाम लावलेलं आहे. गवताची सगळी गंमत त्याच्या पात्याच्या रेषेत आणि हलण्यात असते, आणि ते हलणं दिसायला बाजूला काहीतरी न हलणारं लागतं.

जोडीदार निवडताना आधी काय बघायचं? रंग ना?

रंग सगळ्यात शेवटी. आधी आकार बघा, मग तहान, मग उंची, आणि एवढं जुळल्यावर रंग. बहुतेक फसलेल्या जोड्या मी बघितल्या त्या या क्रमाच्या उलट जाऊन लावलेल्या होत्या. जांभळं गवत आणि गुलाबी फूल फोटोत छान दिसलं, म्हणून लावलं. फूल गळून गेलं आणि उरलं काय, तर दोन्हीकडे तसलीच बारीक पानं.

गवत म्हणजे बारीक रेषांचा पुंजका. त्याला शोभतं ते त्याच्यासारखं नसलेलं. गोल डोक्याची फुलं घ्या: शंकूसारखा उंच मध्य असलेलं एकिनेशिया, पिवळं रुडबेकिया, झिनिया, गोम्फ्रेनाच्या गोळ्या, उंच दांड्यावरचे अ‍ॅलियमचे चेंडू. किंवा सपाट ताटलीसारखे गुच्छ: यारो, शरदातलं सेडम. किंवा रुंद पान: कर्दळ, अगेव्ह. चौथा प्रकार सरळ उभ्या तुऱ्यांचा, म्हणजे साल्व्हिया आणि लायट्रिस. हे उभे तुरे कारंज्यासारख्या वाकणाऱ्या गवताशेजारी उठून दिसतात, पण भाल्यासारख्या ताठ गवताशेजारी त्यांची रेष हरवते.

कोंबड्याच्या फुलावरून हे पटकन कळेल. तुऱ्यासारखा पिसारा असलेला कोंबडा पेनिसेटमच्या तुऱ्यांशेजारी लावला तर दोन्ही एकमेकांत मिसळून जातात. त्याच कोंबड्याचा मखमली, मेंदूसारख्या घड्या असलेला प्रकार तिथेच लावा, चित्र पालटतं. झाड तेच, कुळ तेच, रंगही तोच असू शकतो. बदलला तो फक्त आकार.

निवड पक्की करायच्या आधी मी एक करते. दोन्ही रोपं शेजारी ठेवून मोबाइलवर फोटो काढते आणि तो कृष्णधवल करून बघते. रंग काढून टाकल्यावरही दोन झाडं वेगळी कळली, तर जोडी जमली.

थंडीचं गवत आणि उन्हाळी गवत म्हणतात, त्याचा सोबतीशी काय संबंध?

फार मोठा संबंध आहे, आणि नेमकं हेच रोप घेताना कोणी विचारत नाही.

काही गवतं हवा गार असताना वाढतात, साधारण १५ ते २४ अंश सेल्सिअसच्या दरम्यान. निळं फेस्क्यू, कॅलॅमॅग्रॉस्टिस, स्टिपा ही या गटातली. कडक उन्हाळा सुरू झाला की त्यांची वाढ थांबते, काही तर पिवळी पडून बसतात. मिस्कॅन्थस, पेनिसेटम, पॅनिकम, म्युलेनबर्जिया आणि लिटल ब्लूस्टेम ही उन्हाळी गवतं. २७ ते ३५ अंशांत ती जोरात असतात, पण थंडी सरल्यावरही बराच काळ जमिनीलगत नुसते खुंट दिसतात.

म्हणजे उन्हाळी गवत लावलंत तर गवत जागं होईपर्यंतचा मधला रिकामा काळ भरून काढणारा जोडीदार हवा. हिवाळा कडक असेल तिथे डॅफोडिल, ट्यूलिप, अ‍ॅलियम यांचे कंद गवताच्या ठोंबांमध्ये लावतात. त्यांची फुलं होऊन पानं मलूल पडायला लागतात तेव्हाच गवत वर येतं आणि ती पिवळी पानं आपोआप झाकून टाकतं. ही जोडी मला सगळ्यात शहाणी वाटते, कारण दोघांना एकच जागा मिळते आणि भांडण होत नाही. हिवाळा सौम्य असेल तिथे तेच काम हंगामी फुलझाडं करतात: पिटुनिया, फ्लॉक्स, अ‍ॅलिसम. गवत फुटेपर्यंत त्यांचा हंगाम संपत आलेला असतो.

थंडीतल्या गवताला उलटा जोडीदार लागतो, ऐन उन्हाळ्यात भर घालणारा. गॅलार्डिया, सेडम, कोरिऑप्सिस.

पाणी आणि खत दोघांना सारखंच लागतं का?

सारखं लागत असेल तरच जोडी टिकते. दिसण्यात चुकलेली जोडी एका हंगामात हलवता येते, पण तहानेत चुकलेल्या जोडीत एक झाड हळूहळू मरतं आणि का मेलं ते कळत नाही.

बहुतेक शोभेच्या गवतांना हलकी, पाण्याचा निचरा होणारी माती आणि बेताचं खत आवडतं. शेणखत सढळ हाताने घातलं की पाती भराभर वाढतात, मऊ पडतात आणि तुरे यायच्या सुमारास सगळा ठोंब मधून फाटून चारी बाजूंना लोळतो. शेतात नत्र जास्त झाल्यावर पीक लोळतं, तसंच. म्हणून सोबतीलाही कमी खाणारी झाडं हवीत. सेडमची खोड तशीच आहे: सुपीक मातीत तेही मधून उघडं पडतं. गौरा, यारो, गॅलार्डिया, रशियन सेज, साल्व्हिया नेमोरोसा ही सगळी हलक्या मातीवर खूश असतात. डेलियाला किंवा हायड्रेंजियाला गवताच्या कुशीत बसवू नका. त्यांना भरपूर खत, भरपूर पाणी लागतं. त्यांना पोसायला जाल तर गवत लोळेल, गवत सांभाळाल तर ती माना टाकतील. गुलाबाचंही मी तेच म्हणेन. गुलाब आणि गवत एकत्र छान दिसतात हे मान्य, पण गुलाबाला मुळाशी मोकळी, खतावलेली जागा लागते आणि तिथे गवताची मुळं घुसल्याशिवाय राहत नाहीत.

पहिल्या वर्षी सगळ्यांनाच पाणी लागतं, हे मात्र विसरू नका. काटक म्हणून विकलेलं रोप मूळ धरेपर्यंत काटक नसतं. वरचा बोटभर थर सुकला की भरपूर पाणी द्या, म्हणजे मुळं खाली उतरतात. पॅनिकमसारख्या गवताची मुळं मोकळ्या जमिनीत २ ते ३ मीटर खोल जातात. पुढे त्याला तुमच्या पाण्याची फारशी गरज उरत नाही, पण शेजारच्या उथळ मुळांच्या हंगामी फुलांना ती राहते.

जमीन ओलावा धरून ठेवणारी असेल तर हातपाय गाळू नका. मिस्कॅन्थस आणि पॅनिकम दोघंही ओलसर माती चालवून घेतात, आणि त्यांच्याशेजारी कर्दळ, डे लिली, हेलेनियम मजेत राहतात. तिथे फेस्क्यू आणि लिटल ब्लूस्टेम लावू नका, कुजतील.

दोन-चार भरवशाच्या जोड्या सांगाल?

कॅलॅमॅग्रॉस्टिसची ‘कार्ल फर्स्टर’ ही जात आणि रुडबेकियाची ‘गोल्डस्टुर्म’. पहिल्याची कणसं भाल्यासारखी ताठ, साधारण दीड मीटर उंच. दुसऱ्याची काळ्या डोळ्याची पिवळी फुलं त्याच्या निम्म्या उंचीवर. ही जोडी इतकी वापरली गेली आहे की काहींना तिचा कंटाळा आलाय, पण ती वापरली गेली कारण ती चुकत नाही. गवताला ज्यांचं नाव आहे ते कार्ल फर्स्टर (१८७४–१९७०) जर्मनीतल्या पॉट्सडॅमजवळचे रोपवाटिकाकार. बागेत गवताला मानाचं स्थान मिळवून देणाऱ्यांमध्ये त्यांचं नाव फार वरचं आहे. हे गवत संकरित आणि वांझ आहे, बी पडून पसरत नाही. थंड हवेत ते खरं खुलतं.

निळं फेस्क्यू वीतभर उंचीचं, साळिंदराच्या काट्यांसारखं. त्याच्याजवळ बुटकं सेडम, थाइम, किंवा मोठ्या पानांचं काहीतरी रुपेरी. उष्ण आणि दमट हवेत मात्र याच्या नादी लागू नका. ठोंब मधून करपतो आणि दोन पावसांत संपतो.

जांभळं पेनिसेटम. याच्या वाइनच्या रंगाच्या पात्यांजवळ फिकट गुलाबी गौरा किंवा फिकट पिवळं लँटाना लावा. गडद पानाजवळ गडद फूल लावलं की दोन्ही दुरून काळपट डाग दिसतात. निळं साल्व्हिया फॅरिनेशिया जवळून सुंदर दिसतं, पण दहा पावलांवरून नाहीसं होतं. ते वाटेच्या अगदी कडेला असेल तरच घ्या.

म्युलेनबर्जिया हे वर्षभर साधं, लक्षात न येणारं गवत. शरदात त्याच्यावर गुलाबी धुकं उतरतं. त्याच्याशेजारी त्या वेळेला फुललेलं काहीतरी पांढरं किंवा जांभळं हवं: शेवंती, अ‍ॅस्टर. अ‍ॅस्टर लावताना पुढे ठेवा, मागे ठेवलं तर धुक्यात बुडतं.

आणि व्हर्बेना बोनारिएन्सिस. माणसाच्या छातीपर्यंत येणारे काडीसारखे दांडे, टोकाला जांभळे झुबके, आणि मधून आरपार दिसतं. हे गवताच्या मागे नाही, गवताच्या आतूनच वाढू द्या. बी पडून इकडेतिकडे उगवतं, नको तिथलं खुरप्याने उचलायचं. काही प्रदेशांत ते तणासारखं माजतं, तेवढं आधी बघून घ्या.

आमच्याकडे दंव पडत नाही, ऊन रणरणतं. थंड देशांतल्या याद्यांचा उपयोग होतो का?

नावांचा फार होत नाही, तत्त्वाचा होतो. एकिनेशियाची जागा झिनिया घेतं, अ‍ॅलियमची जागा गोम्फ्रेना घेतं, सेडमची जागा अगेव्ह किंवा कोरफड. कर्दळीचं रुंद पान आणि मिस्कॅन्थसचं बारीक पातं यांची जोडी तर कुठल्याही हवेत देखणी. निळा चित्रक, सदाफुली, पसरट निळी विष्णुक्रांता, पाऊस पडला की फुलणारी रेन लिली, ही सगळी उन्हात टिकणारी सोबत. सदाफुलीला पाणी साचलेलं अजिबात चालत नाही, नेमकं बऱ्याच गवतांसारखंच, म्हणून ती दोघं जमतात.

गवतातही घरचे पर्याय बघा. गवती चहाकडे शोभेचं गवत म्हणून कोणी बघत नाही, पण त्याचा कमानदार हिरवा ठोंब उन्हातल्या वाफ्यात भरगच्च दिसतो. वाळ्याची मुळं आडवी न पसरता सरळ खाली जातात, त्यामुळे तो शेजाऱ्यांना त्रास देत नाही.

दोघांमध्ये अंतर किती ठेवायचं?

गवताची पूर्ण वाढ झाल्यावरची रुंदी विचारा. तिच्या निम्म्यात जोडीदाराच्या रुंदीची निम्मी मिळवा, तेवढं अंतर. एक मीटर पसरणारं गवत आणि अर्धा मीटर पसरणारं फुलझाड असेल तर मधून मधापर्यंत ७५ सेंटिमीटर.

हे मी नुकसान सोसून शिकले. मिस्कॅन्थसची तीन रोपं लावली होती, प्रत्येक मुठीएवढं. मधली माती मोकळी बघवेना, म्हणून हातभर अंतरावर एकिनेशिया लावून टाकली. पहिलं वर्ष छान गेलं. दुसऱ्या वर्षी पात्यांची कमान एकिनेशियावर आली, झाडं ऊन शोधत बाहेरच्या बाजूला तिरपी झाली. तिसऱ्या वर्षी उचलायला गेले तर एकिनेशियाची जाड मुळं गवताच्या मुळांत गुंतलेली. ओढताना तुटली आणि पाचपैकी दोन झाडं गेली. आता मी मधली जागा पहिली दोन वर्षं झिनिया किंवा कॉसमॉससारख्या एका हंगामाच्या फुलांनी भरते. गवत मोठं झालं की त्यांची गरज आपोआप संपते.

वाफ्यात गवत किती आणि फुलझाडं किती?

माझ्या मते लहान वाफ्यात तिसरा हिस्सा गवत पुरे. याला नियम नाही, डोळ्याला काय पटतं ते बघा. एकेक जातीचं एकेक रोप आणून ओळीने लावू नका. एकाच फुलझाडाची तीन, पाच, सात रोपं एकत्र पुंजक्याने लावा आणि तोच पुंजका पुढे पुन्हा येऊ द्या. शिकागोतल्या २००४ साली खुल्या झालेल्या ल्युरी गार्डनमध्ये डच उद्यानरचनाकार पीट आउडॉल्फ यांनी साल्व्हियाचा निळा-जांभळा पट्टा नदीसारखा वळवत नेलाय. आपल्या चार पावलांच्या वाफ्यातही त्याच साल्व्हियाचा एक ओहोळ काढता येतो, हिंमत करून बाकीच्या जाती कमी केल्या की.

गवत मागेच लावायचं का?

उंच गवत मागे, हे ठीक. पण उंचीआधी सूर्य बघा. पेनिसेटमच्या तुऱ्यावर बारीक केस असतात; त्यांच्यामागून तिरपं ऊन आलं की प्रत्येक केस वेगळा पेटल्यासारखा दिसतो, आणि समोरून ऊन आलं की तोच तुरा मातकट. म्हणून तुम्ही वाफा संध्याकाळी बघत असाल तर गवत तुमच्या आणि पश्चिमेच्या मधे यायला हवं. सकाळी बघत असाल तर तुमच्या आणि पूर्वेच्या मधे. रोप कुंडीतच असताना संध्याकाळी साडेपाचला दोन-तीन ठिकाणी ठेवून बघा. मी एकदा ठोंब फक्त तीन पावलं सरकवला. आधी महिनाभर मला तो दिसतच नव्हता. नंतर रोज त्या वेळेला तिथे जाऊन उभी राहायचे.

त्या उजेडाच्या वाटेत भरगच्च झुडूप लावू नका. पुढे बुटकं, किंवा व्हर्बेनासारखं आरपार दिसणारं असू द्या.

गवत पसरून जोडीदारांना गिळणार नाही ना?

ठोंबाने वाढणारं गवत जागच्या जागी जाड होतं, ते सुरक्षित. जमिनीखालून धावणारं गवत वाफ्यात नकोच. सोबत कितीही काटक असली तरी टिकत नाही. घेताना कुंडीच्या तळाशी बघा, भोकांतून टोकदार पांढरे कोंब बाहेर आले असतील तर तिथेच ठेवा.

दुसरा धोका बियांचा, आणि तो तुमच्या कुंपणापुरता राहत नाही. हिरवं फाउंटन गवत, म्हणजे पेनिसेटम सेटेशियम, हवाईत रानोमाळ पसरलं आणि तिथल्या वणव्यांना खाद्य झालं. युरोपीय संघाने २०१७ साली त्याला घातक परक्या वनस्पतींच्या यादीत घातलं. पाम्पास गवताने कॅलिफोर्निया आणि न्यूझीलंडमध्ये तेच केलं. मेक्सिकन फेदर गवत ऑस्ट्रेलियात बंदीचं तण आहे. जोडीदारांमधली लँटाना, म्हणजे आपली घाणेरी, कित्येक देशांची डोकेदुखी झालेली आहे. लावायचीच तर बी न धरणारी बागेतली जात घ्या. तुमच्या भागात कोणतं गवत त्रासदायक ठरलंय हे आधी विचारा. तसं असेल तर कितीही आवडलं तरी सोडून द्या, याबाबतीत माझं मत पक्कं आहे.

गवत कापल्यावर वाफा भुंडा दिसतो. तेव्हा काय?

उन्हाळी गवत नवे कोंब यायच्या तोंडावर जमिनीपासून १० ते १५ सेंटिमीटर ठेवून कापतात. आधी सुतळीने पेंढी बांधावी तसा ठोंब आवळून घ्या आणि मग विळा चालवा, म्हणजे वाळकी पाती शेजारच्या रोपांवर विखुरत नाहीत. हातमोजे घाला, मिस्कॅन्थसच्या पात्याच्या कडा करवतीसारख्या असतात. फेस्क्यूला असं मुळापासून कापू नका, बोटांनी विंचरून वाळलेलं काढा.

भुंडेपणा महिना-दीड महिना राहतो. वर सांगितलेले कंद किंवा हंगामी फुलं त्याच वेळेसाठी असतात. सगळे ठोंब एकाच बाजूला असले तर भुंडेपणा फार डोळ्यात येतो, विखुरलेले असले तर खपून जातो.

फुलं वाळल्यावर जोडीदारांची डोकी कापायची का?

एकिनेशिया आणि रुडबेकियाची नको. त्यांचे काळे शंकू वाळलेल्या सोनेरी गवतात फार सुरेख दिसतात, आणि पक्षी येऊन बी टिपतात. झिनिया, साल्व्हिया, गौरा यांची मात्र कापत राहा, पुन्हा फुलतात.

कुंडीत ही जोडी जमेल?

जमेल. कुंडी निदान ४० सेंटिमीटर रुंद आणि तळाला भोकं मोकळी असावीत. मधे एक पेनिसेटम, कडेने विष्णुक्रांता किंवा चिनी गुलाब (पोर्तुलाका, खरा गुलाब नव्हे). कुंडीतलं खत लवकर संपतं, म्हणून तिथे थोडं खत द्यावं लागतं.

ठोंब मधून पोकळ झालाय, शेजारची फुलझाडंही दाटली आहेत. दोन्ही एकदम हलवू का?

हलवा, पण वेळ गवताची पाळा. उन्हाळी गवत नवी वाढ दिसायला लागली की फोडायचं. थंडीच्या तोंडावर फोडलं तर मुळं धरत नाहीत आणि कुजतात. थंडीतलं गवत हवा गार व्हायला लागली की किंवा वसंताच्या सुरुवातीला. माती वाफशावर, म्हणजे ओलसर पण चिखल नसलेली, असताना ठोंबाच्या भोवतीने कुदळ चालवा आणि सगळा गड्डा बाहेर काढून आडवा करा. मधला मेलेला भाग टाकून द्यायचा. बाहेरच्या कडेचे, हिरवे फुटवे असलेले तुकडे मुठीएवढे कापून घ्यायचे. मोठ्या मिस्कॅन्थसला कुदळ पुरत नाही, करवत किंवा कुऱ्हाड लागते आणि दोन माणसं लागतात. तुकडे उन्हात ठेवू नका, ओल्या गोणपाटात गुंडाळा. गवत आधीच्याच खोलीवर लावून पाणी द्या आणि फुलझाडं त्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी लावा, म्हणजे गवताने मूळ धरलंय की नाही ते कळेल आणि पुन्हा उकरायची वेळ आली तर त्यांना धक्का लागणार नाही.